तीन तऱ्हांचा ओटा

अक्का गेल्याची बातमी घेऊन वाशीमहून दुकानातला माणूस आला, तेव्हा मी अकोल्याच्या आमच्या बिऱ्हाडात वरण घोटत होते. तो दारातच उभा राहिला, टोपी हातात घेऊन, आणि "बाई, मोठ्या बाई…" एवढंच म्हणाला. पुढचं त्याला बोलावं लागलं नाही. मी रवी तशीच वरणात सोडून हात धुतले. माणसाचं मन वेडंच. हात धुताना डोक्यात आलं ते इतकंच, की आता माझं वरण जाड झालं की पातळ, हे मला कोण सांगणार? दुपारच्या गाडीनं निघाले. खिडकीबाहेर ज्वारीच्या कणसांवर पिवळट ऊन पसरलं होतं, आणि सगळा मुलूख झोपेत कूस बदलावी तसा हळूहळू मागे सरकत होता. घरी पोचले तेव्हा सारं आटोपलं होतं. बायका बाहेरच्या खोलीत बसल्या होत्या. मी सरळ स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याला हात लावला. ओटा थंड होता. त्या घरात दिवसाउजेडी तो थंड असलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

राजमतीबाई माझ्या थोरल्या जाऊबाई. मी त्यांना अक्का म्हणायची. मी अमरावतीकडची, चार बुकं शिकलेली, आणि त्याचा मला तेव्हा भलताच तोरा होता. लग्नानंतर पहिल्यांदा भाकरी थापायला बसले तेव्हा ती तव्यावर पोचायच्या आधीच फाटली. अक्का हसल्या नाहीत. त्यांनी माझ्या हातावर आपला हात ठेवला, तो तसाच परातीत फिरवला आणि म्हणाल्या, "पाहू नको वो सुमे तिच्याकडं. पाहून राह्यली म्हनून फाटते. हाताले सांग." तेव्हा वाटलं, ही काय रीत झाली? न पाहता करायचं? पण त्यांचं सारं असंच चाले. मीठ बोटांनी, पाणी आवाजानं, फोडणी नाकानं. पुढे त्यांचे डोळे जाऊ लागले, तेव्हा ते म्हणूनच त्यांना स्वतःलाही लवकर कळलं नाही.

सुरुवात मोठी सुंदर झाली, हे लिहिताना अंगावर काटा येतो. एका संध्याकाळी जेवणं आटोपून आम्ही दोघी अंगणात बसलो होतो. आमच्या जैनांच्या घरी दिवस मावळायच्या आत ताटं उचललेली असतात, म्हणून संध्याकाळ आम्हा बायकांची हक्काची. ओसरीवर कंदील लावला होता. अक्का त्याच्याकडे टक लावून म्हणाल्या, "सुमे, कंदिलाले इंद्रधनुष्य लागलं पाह्य!" मला काही दिसेना. मी म्हटलं, "कुठं वो अक्का?" त्या लहान पोरीसारख्या हसत राहिल्या. पुढे कित्येक महिने त्यांना दिव्यांभोवती रंगांची कडी दिसत, आणि त्या मला त्यांचे रंग सांगत. मग हळूहळू बाजूचं दिसेनासं झालं. उंबरा ओलांडताना पाय आधी चाचपायचा, मग टेकायचा.

माझ्या पोटदुखीचं निमित्त करून आम्ही अकोल्याला डॉक्टरांकडे गेलो. माझं पोट त्यांनी दोन मिनिटांत निकालात काढलं. अक्कांचे डोळे मात्र बराच वेळ पाहिले. डोळ्यामागची नस सुकत चालली आहे, म्हणाले; जे गेलं ते परत येणार नाही, आणि राहिलेलंही टिकायचं नाही. परतीच्या गाडीत अक्का खिडकीला लागून बसल्या. बाहेर उन्हाळ्याची नांगरलेली, उघडी शेतं होती. नुसता उजेड माजला होता. अक्का म्हणाल्या, "किती कापूस फुटला वो!" मी म्हटलं, "हो ना, अक्का." वाशीम जवळ आलं तशी त्यांनी माझं मनगट धरलं.

"यायले सांगू नको." यायले म्हणजे त्यांच्या यजमानांना, माझ्या भासऱ्यांना, नेमासांना. मी विचारलं, "काहून? ते काय रागावतीन?"

"रागावले असते तर सांगितलं असतं. ते चांगले हायेत म्हनूनच सांगू नको. आचारी आनतीन, मले गादीवर बसवतीन, अन् म्हनतीन, तू आता आराम कर. देव्हाऱ्यातल्या मूर्तीसारखी बसून मी काय करू सांग? माझे हात काय करतीन?" आणि मग, "धान्य तू शोधत जाय. पानी तू गाळत जाय. जीव मले दिसनार नाई, ते पाप मी घेनार नाई. बाकी सारं हाताले येते…"

असा आमचा करार झाला. दुपारी मी गहू, डाळी नीट पाहून निवडून द्यायची, पाणी गाळून ठेवायची. बाकीचं स्वयंपाकघर त्यांचं. नेमासा कापडाच्या दुकानातून जेवायला येत, ताटावर बसत, पोटभर जेवत, आणि त्यांना काही पत्ता लागत नसे.

त्यात नेमासांच्या डोक्यात ओटा शिरला. नागपूरला कोणाच्या तरी बंगल्यात त्यांनी उभ्यानं स्वयंपाक करायचा दगडी ओटा पाहिला होता. तेव्हा आमच्याकडे चूल जमिनीवर, बाई जमिनीवर. चूल कमरेइतकी वर चढते ही गोष्टच कोणाला पटेना. शेजारच्या बायका म्हणाल्या, आज कमरेले आली, उद्या डोक्यावर घ्यान! पण अक्कांचे गुडघे दुखत, म्हणून नेमासांनी मनावर घेतलं. भिंतीला लागून लांब ओटा, त्यावर काळ्या दगडाची लादी, आणि तीही अशी घोटलेली की आरशासारखं तिच्यात तोंड पाहावं. आता भासरा आणि धाकटी भावजय एकमेकांशी थेट बोलत नसत. ते जे काही मला सांगायचं ते अक्कांना उद्देशून मोठ्यानं म्हणत आणि मी दाराआडून ऐकत असे. तसं ते त्या दिवशी म्हणाले, "धाकटीले सांग, अनसिंगकडून गनपत पाथरवट येऊन राह्यला. तिनंही पाहून घ्यावं. मुखडा दिसन दगडात, मुखडा!"

"मले मुखडा पाहून काय करायचं हाय आता?" अक्का म्हणाल्या. नेमासा खळखळून हसले. मला मात्र हसू येईना.

गणपतनं दगडाचे तीन तुकडे आणून ओसरीवर मांडले. एक टाकीचा, म्हणजे छिन्नीनं टिचून खरखरीत ठेवलेला. एक वाळू-पाण्यानं घासलेला, मऊ पण बिनचमकेचा. आणि एक घोटलेला, काळाभोर, डोळ्यांत ऊन फेकणारा. नेमासा दुकानातल्यासारखे तिन्हींवरून बोटं फिरवत म्हणाले, "हे कांबळं, हे मांजरपाट, अन् हा रेशीम. रेशीम सोडून कांबळं कोन घेईन?" अक्कांनी घोटलेल्या तुकड्याकडे तोंड केलं आणि चटकन मान फिरवली. पुढे त्यांनी मला सांगितलं की उजेडात तो दगड त्यांना दगड दिसतच नव्हता, नुसती पांढरी आग दिसत होती. तसा अख्खा ओटा झाला असता, तर उरलंसुरलं दिसणंही त्यानं खाल्लं असतं, आणि भांडं कुठे, हात कुठे, हे गुळगुळीत दगडावर बोटांना कळलंही नसतं. पंधरा दिवसांत त्यांचं गुपित फुटलं असतं, आणि स्वयंपाकघर गेलं असतं.

त्यांनी गणपतला ते तुकडे तिथंच ठेवायला सांगितले. दुपारी घर निजलं की अक्का ओसरीवर बसत आणि तिन्ही दगडांवरून हात फिरवत राहत. कधी तेल सांडून पाहत, कधी हळदीचं पाणी, कधी नुसतंच पीठ. कडुनिंबाची सावली हलत हलत त्यांच्या पाठीवरून भिंतीवर जाई. मी डाळ निवडत बाजूला बसे. त्या काहीतरी गुणगुणत, मध्येच थांबत, दगडावर गाल टेकवत. मला वाटे, ही बाई दगडाशी बोलते आहे आणि तो हिला उत्तर देतो आहे… ती दुपार अजून कधी कधी माझ्या झोपेत येते, आणि जाग आली की हाताला थंडावा लागलेला असतो.

शेवटी त्यांनी निकाल दिला. चुलीच्या पुढं आणि कडेनं टाकीचा पट्टा, म्हणजे भांडं घसरणार नाही. मधे घासलेला दगड, पोळ्या लाटायला. आणि पाण्याच्या कोपऱ्यात, खिडकीपासून दूर, घोटलेला; एका फडक्यात कोरडा होतो, ओल राहत नाही, मुंग्या येत नाहीत, जीव मरत नाही. एकूणएक कारण खरं होतं. फक्त सगळ्यात मोठं त्यांनी सांगितलं नाही. खरखरीत लागलं की आग जवळ आली, मऊ लागलं की आपली जागा, आणि बोट घसरलं की पाणी.

"गोधडी शिवून राह्यली का दगडाची?" नेमासा चिडले. गणपतही कुरकुरला, "बाई, लोक मले हसतीन. म्हनतीन गनपतचं काम अर्धंच राह्यलं."

"त्यायले माझ्याकडं पाठव," अक्का म्हणाल्या, "पोळी खाऊ घालतो, मंग हसू दे." नेमासा दोन दिवस फुगून बसले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "कर बाप्पा तुह्या मनासारखं."

त्या ओट्यावर अक्कांनी किती वर्षं स्वयंपाक केला! उभं राहून डावा हात दगडावर सरकता ठेवायचा आणि उजव्यानं काम करायचं, ही त्यांची ढब. पाहुणे म्हणत, बाई कशी लाडानं हात फिरवते ओट्यावरून. एकदाच घात होता होता राहिला. नेमासांनी दुधाचं तापलेलं पातेलं उतरवून मऊ दगडावर ठेवलं, अक्कांचा हात तिथं पडला आणि तळवा भाजला. "ध्यान नव्हतं," अक्का म्हणाल्या. नेमासा गाईचं तूप घेऊन आले. त्यानंतर ते स्वयंपाकघरात पाऊल टाकीनासे झाले. आम्हाला वाटलं, रुसले.

पुढे आमचं बिऱ्हाड अकोल्याला हललं. धान्य शोधायला अक्कांनी शेजारची एक मुलगी बोलावली, आणि तिला काय काय समजावलं तेही माझ्या कानाशी लागून मला सांगितलं. मागच्या उन्हाळ्यात मी गेले तेव्हा त्यांना उजेड-अंधारही कळत नव्हता. तरी मी दारात पाय ठेवला तशी त्या ओट्यापासून न वळता म्हणाल्या, "नव्या बांगड्या भरल्या वाटते सुमे." तीच आमची शेवटची भेट.

मी अजून वाशीमलाच आहे; नेमासांच्या जेवणाकडे पाहायला कोणी तरी हवं. गेल्या आठवड्यात सकाळी गणपत पाथरवट दारात उभा. पार म्हातारा झालेला, खांद्याला हत्यारांची पिशवी. ओसरीवर नेमासा बसले होते. "बाई गेल्या का शिरपूरले?" त्यानं विचारलं. दर कार्तिकात अक्का शिरपूरला दर्शनाला जात. मी इथं असताना आम्ही दोघी बैलगाडीनं जायचो. नेमासांनी त्याला सांगितलं. गणपत मटकन खाली बसला. डोळे पुसून म्हणाला, "मी आपला टाकी माराले आलतो, दर सालासारखा."

मी दाराआड उभी होते. मला काही समजेना, म्हणून न राहवून मी गणपतलाच विचारलं, "कसली टाकी?"

"ओट्याच्या पट्ट्याले, बाई. हात फिरून फिरून दगड गुळगुळीत होते ना. बाईचा हात भाजला त्या सालापासून शेठजी मले बलावतेत. बाई शिरपूरले गेल्या की यायचं, खरखरीत करून द्यायचं, बाई यायच्या आत निघून जायचं. कोनाले बोलायचं नाई."

म्हणजे नेमासांना सारं ठाऊक होतं. मी तिथंच भिंतीला टेकले. आणि मग मला शिरपूरहून परतल्यावरच्या संध्याकाळी आठवल्या. अक्का गाडीतून उतरून पाय न धुताच आधी ओट्याकडे जात, दगडावरून तळवा फिरवत, आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर जे काही उमटे, त्याला मी दर्शनाचं पुण्य समजत असे. दुसऱ्या दिवशी न चुकता नेमासांच्या आवडीच्या गुळाच्या सांजोऱ्या होत. नवा टिचलेला दगड त्या हाताला कळला नसेल? पहिल्याच वर्षी कळला असणार. नेमासांना ठाऊक होतं, अक्कांना ठाऊक होतं की नेमासांना ठाऊक आहे, आणि दोघांनी मिळून मला एकटीला गुपिताची राखण करायला बसवलं होतं! मला इतका राग आला, की रडू फुटलं.

गणपत उठला. "शेठजी, आता त्या दगडाले कोन हात लावते? राहू द्या."

नेमासा गणपतकडे पाहत, पण मला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले, "धाकटीले सांग, आतली भांडी उचलून घे म्हनावं. तू टाकी मार. गेली तिच्याशी मी याबद्दल कदी बोललो नाई, तीही बोलली नाई. आमचं बोलनं या दगडावरच होत होतं… यंदाचं राह्यलं हाय."

मी भांडी उचलली आणि अंगणात आले. आतून टाकीचा आवाज येऊ लागला, सावकाश, एकसारखा. नेमासा त्या भाजल्या दिवसानंतर पहिल्यांदाच स्वयंपाकघरात गेले होते. आवाज थांबला तेव्हा मी दारातून पाहिलं. ते डोळे मिटून ओट्यापाशी उभे होते, डावा हात दगडावर सरकवत. खरखरीत पट्ट्यावरून मऊ दगडावर, तिथून पाण्याच्या कोपऱ्याकडे… मग परत उलटं, चुलीच्या बाजूला. हात पट्ट्यावर आला तसे ते थांबले.

"लागते," ते म्हणाले.