न आवळलेला नट

हे मी बायकोलाबी सांगितलेलं न्हाय. देवापुढं हात जोडतो तेव्हा एवढं सोडून बाकीचं सगळं बोलतो. तुम्हाला का सांगतोय — ते माझं मलाच नीट कळत न्हाय. ऐका फक्त.

आमचे अण्णा, म्हणजे माझे थोरले चुलतभाऊ, निपाणीला तंबाखूचे व्यापारी. त्यांच्या वडिलांची, आप्पांची, एक जुनी अमेरिकन गाडी होती. दोन दारांची, लांब नाकाची, आठ सिलिंडरची. सुरू केली की वखारीचे पत्रे थरथरायचे म्हणे. आप्पा गेले तशी ती तंबाखूच्या पोत्यांआड धूळ खात पडली. मी बेळगावात एका मशीन शॉपमध्ये कामाला, लेथवर हात बसलेला. मीच छाती पुढं काढून म्हटलं, "अण्णा, हिंडलग्याला माझ्या दारात आणून टाका. मी उभी करतो."

दोन वर्षं मी तिच्यातच होतो. इंजिन सगळं खोललं, पत्रा नवा केला, पुढचे जुने ड्रम ब्रेक काढून पिकअपच्या डिस्क बसवल्या. गल्लीतनं जाणारं माणूस थांबून बघायचं. मला लई बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू?

खंडेनवमीच्या सकाळी ब्रेकची एक नळी बदलली. तिचा नट बोटांनी फिरवून ठेवला. पान्यानं आवळायचा राहिला. आंघोळ करून येतो तर आईनं सगळे पाने धुऊन, हळदकुंकू लावून पाटावर मांडलेले. वर झेंडूची फुलं. पुजलेल्या हत्याराला आमच्यात दसरा होईपर्यंत हात लावत न्हाईत. म्हटलं असू दे, गाडी कुठं पळून जाणार हाय?

आणि दुपारी अण्णा-वहिनी दारात! "दसऱ्याला गाडी घरासमोर पायजे रं. आप्पांची गाडी हाय." गल्ली जमली. हार घातला, चाकांखाली लिंबं ठेवली. अण्णांनी विचारलं, "सगळी झाली न्हवं?"

मी म्हटलं, "व्हय अण्णा. एकदम ओके."

आता तुम्ही म्हणाल, पूजा आडवी आली. मीबी मनाला लई दिवस तसंच सांगितलं. पण छे! एक पाना उचलला असता तर आई चार शब्द बोलली असती, संपलं. देवीची भीती न्हवती मला. पाना उचलायचा म्हणजे सगळ्यांदेखत कबूल करायचं, की काम राहिलंय. ते तोंडातनं निघालं न्हाय. अंगणात ब्रेक दाबून बघितला होता, धरत होता. धरंल निपाणीपर्यंत — असं कोण म्हणतं हो? आपलीच माणसं आत बसवून?

अण्णा स्वतः चालवत निघाले, शेजारी वहिनी. काकतीच्या पुढं उतारावर गाडी थांबली न्हाय. मोरीच्या कठड्यावर गेली. अण्णांना नुसतं खरचटलं. वहिनींचा उजवा हात कोपरात मोडला. तो अजून सरळ होत न्हाय. भाकरी आता सून थापते.

थांबा. खरं तर अजून सांगितलंच न्हाय.

गाडी ओढून माझ्याच दारात आणली. घरातले सगळे दवाखान्यात, मी एकटा. पाटावरची फुलं बाजूला केली, पाना उचलला — तेव्हा बरा उचलता आला! — आणि नट आवळला. सांडलेलं ब्रेकचं तेल पुसलं, नवं भरलं, नळीतली हवा काढली. मग निपाणीचा मेस्त्री बघायला आला. पेडल दाबून म्हणाला, "ब्रेक तर झ्याक हाय की."

सगळे अण्णांकडं बघायला लागले. अण्णा हळूच म्हणाले, "डावीकडचं स्टेअरिंग, सवय न्हवती. ब्रेक म्हणून ॲक्सिलेटर दाबला असंल मी. माझाच पाय चुकला."

मी मान खाली घातली. लोकांना वाटलं, थोरल्या भावाची अब्रू राखतोय.

मिसरूड फुटल्यापासून ट्रक चालवलेला माणूस तो. त्या दिवसापासून कुठल्याच गाडीला हात लावला न्हाय त्यांनी. वहिनी डाव्या हातानं घास घेताना दिसल्या की कधीकधी भरल्या ताटावरनं उठतात. वहिनीच समजूत घालतात, "मुद्दाम थोडंच केलंसा? जेवा बघू." हे मी समोर बसून बघितलंय, आणि जेवलोय.

गाडी मी पुन्हा नीट केली, रंग दिला. अण्णांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. "तूच ठेव. तुला शोभते." मी घेतली. व्हय, घेतली.

सणावाराला त्यांना शेजारी बसवून फिरवून आणतो. उतार आला की त्यांचा उजवा पाय आपोआप पुढं सरकतो, रिकाम्या जागी दाबून धरतो. परवा त्यांच्याच ते ध्यानात आलं. माझ्याकडं बघून हसले आणि म्हणाले, "बघ रं, आता कसा बरोबर पडतोय पाय."

मी गाडी चालवत राहिलो.