कोंड्याच्या पिंपाचं झाकण

मी चौथी नापास. पण कोंबडीला काय खायला घालायचं हे मला कुणी शिकवायचं नाही, असं मी गावभर सांगायचो. शिरूर तालुक्यात आमची ब्रॉयलरची एक शेड होती. दुकानातून खाद्याची पोती यायची आणि बघता बघता संपायची. बायको म्हणायची, "ह्या शेडात कांदा भरू. कांदा खायला तरी मागत न्हाई."

एका दुपारी रेडिओवर कुणी डॉक्टर सांगत होते, कोंडा आणि चुनी आंबवून कोंबड्यांना घाला, पोत्याचा खर्च वाचेल. मी उडालोच! निम्मं ऐकलं आणि सेल संपले. उरलेलं निम्मं मी माझ्या मनानं भरलं. दुसऱ्याच दिवशी एसटीनं दौंडला जाऊन डाळमिलमधून तुरीची चुनी, म्हणजे डाळ भरडताना उरलेला चुरा, आणली. गव्हाचा कोंडा गिरणीत मिळाला. निळ्या पिंपात गूळपाणी आणि ताक घालून सगळं कालवलं, वर झाकण.

"पक्षी वजनाला मागं पडलं तर?" बायकोनं विचारलं.

"तर भर तुझा कांदा."

बोलून तर बसलो. आता मला दम कुठला! दूधवाला आला, उघड झाकण. पाहुणा आला, उघड झाकण. घ्या वास, म्हणायचो, पोत्याचं खाद्य विसराल. पाचव्या दिवशी वर हिरवी-काळी बुरशी. मी म्हटलं, वरचं तेवढं काढून टाकू. बायकोनं चिमूटभर नाकाशी नेलं.

"हे आंबलं न्हाई, नासलंय. आंबील करताना मी गाडग्यात धा येळा डोकावते व्हय?"

अख्खं पिंप उकिरड्यावर गेलं. दोन दिवस मी रुसून शेडातच जेवलो. तिसऱ्या दिवशी परत दौंडची एसटी धरली.

दुसरं पिंप तिनं भरलं. मुठीनं दाबून, गच्च, काठापर्यंत. वर प्लॅस्टिकचा कागद, झाकण आणि झाकणावर फुटक्या जात्याचा दगड. "हात लावाल तर बघा," म्हणाली. मी लांबूनच नाक वर करून फिरायचो. आठवड्यानं दगड उतरवला तर काय वास! आंबूस, गोडसर, थेट तिच्या आंबिलीसारखा.

शेडमध्ये मधून जाळी बांधली. अलीकडे पन्नास पक्षी, त्यांच्या खाद्यात पाचातला एक भाग आमचा. पलीकडे पन्नास, नुसतं पोत्यातलं. पहिल्या दिवशी अलीकडच्यांनी चोच मारली आणि मागं सरले. मी भांडी हलवून परत त्यांच्यापुढं सरकवली. दुसऱ्या सकाळी बघतो तर भांडी चाटूनपुसून साफ! मी शेडात एकटाच ओरडलो.

माल उचलायला व्यापारी आला तेव्हा दोन्हीकडचे दहा-दहा पक्षी वेगळे जोखायला लावले. आधी पलीकडचे. मग आमचे. काटा हलला, डुगडुगला, पलीकडच्यांच्याच आकड्यावर येऊन थांबला आणि वर एक बारीक रेघ पुढं सरकला. रेघभरच! पण पुढं!

"बघ, बघ!" मी बायकोला हाक मारली. ती दारातच उभी होती, पदर तोंडाला लावून हसत.

"आबा, पिंपात घातलंय तरी काय?" व्यापारी म्हणाला.

मी ताठ मानेनं पिंपाकडं गेलो. त्यात नवा कोंडा कालच दाबला होता. दगडाला हात घातला.

"अवो!" दारातून आवाज आला.

मी हात काढला. "सहा दिवसांनी या," व्यापाऱ्याला सांगितलं, "मग दाखवतो."

कांदा त्या वर्षी अंगणातच राहिला.