अर्ध्या वाटेचा ड्रायव्हर

हसनाबाद सोडलं त्या सकाळी आबा, म्हणजे माझे वडील, टेम्पोच्या मागच्या चाकाकडे बघत उभे होते. टेम्पोत आमचा संसार होता: लोखंडी कपाट, गॅसची टाकी, मायनं बांधून दिलेलं ज्वारीचं पीठ. बाबासाहेबांचा फोटो माझ्या बायकोनं, सुनंदानं, मांडीवर घेतला होता. माय दारात रडत होती. आबांनी "नीट जा" म्हटलं नाही. म्हणाले, "कंपनीवाला लई गोड बोलून राह्यला ना, मंग समज, काही तरी हाय." माझंही मत तेच होतं. आमच्या घरात वाडवडिलांकडून जमीन आली नाही, संशय तेवढा आला.

तुम्ही मागे राहिलेले लोक विहाराच्या ओट्यावर बसून म्हणत असाल, शेठची चांगली गाडी सोडून हा कानडी मुलखात कशाला गेला. म्हणून लिहितोय. आणि जे माझ्यासारखे निघालेत, किंवा निघायच्या बेतात आहेत, त्यांच्यासाठीही.

जालन्याच्या एमआयडीसीतून ट्रकमध्ये सळई भरून मी कधी इंदूर, कधी रायपूर गाठायचो. शेठ वाईट नव्हता. फक्त माझं ओरिजिनल लायसन त्याच्या ड्रॉवरमध्ये असायचं. आपल्याकडे ही रीतच आहे: गाडी ड्रायव्हरच्या हातात आणि ड्रायव्हर मालकाच्या ड्रॉवरमध्ये. परतीचा माल मिळेपर्यंत तिकडेच पडून राहायचं, मिळाला की तो म्हणेल तिकडे वळायचं. घर आपलं नकाशावर.

असाच एकदा घरी आलो. माझी पोरगी सम्यका अंगणात खेळत होती. नुकती शाळेत जायला लागली होती. मला बघून उठली, फ्रॉक झटकला, आत जाऊन म्हणाली, "आई, ते आलेत." पप्पा नाही. ते. मग चांगल्या पेल्यातून पाणी आणून दिलं आणि भिंतीला टेकून उभी राहिली, मी परत जायची वाट बघत असल्यासारखी. मी जेवायला बसलो. आयुष्यात फार गोष्टी कमावल्या नव्हत्या, पण स्वतःच्या पोरीच्या घरात पाहुणा म्हणून म्हातारं व्हायचं नाही, एवढं त्या ताटावर ठरवलं.

त्या सुमारास मोठ्या ट्रान्सपोर्ट कंपन्यांची माणसं एमआयडीसीच्या गेटवर यायला लागली होती. कोट-टाय लावलेली पोरं नाहीत, साधीच पोरं, पण बोलणं साखरेतलं. एका कंपनीत ड्रायव्हरला 'कप्तान' म्हणायचे. मी तिला तिथंच फुली मारली. नाव मोठं करतात तिथं बाकीचं काही तरी लहान करायचं असतं. दुसऱ्या कंपनीच्या गाड्या झकपक होत्या, पण टायर बघितले तर घासून गुळगुळीत. तिसरीचं बोलणं तर ऐकवेना इतकं चांगलं होतं. गाडी जाईना का पार दिल्लीपासून बंगलोरपर्यंत, एक ड्रायव्हर फक्त आपला ठरलेला तुकडा चालवणार. पुढच्या नाक्यावर गाडी दुसऱ्याच्या हाती द्यायची, समोरून आलेली दुसरी गाडी घेऊन आपल्या नाक्यावर परत यायचं आणि घरी जायचं. लायसन बघून लगेच हातात परत देत होते. हेच मला खटकलं. लायसन ठेवत नाहीत, मग धरतात कशानं?

राजूरचा माझा जुना जोडीदार दत्ता म्हणाला, "ड्रायवरला घरी झोपू देणारी कंपनी? आरं, किडनी काढत असतील."

मी ऑफिसात गेलोच नाही. पुण्याजवळ त्यांच्या यार्डाबाहेर एका चहाच्या टपरीवर जाऊन बसलो. जो ड्रायव्हर बाहेर येईल त्याला एकच विचारायचं, "घरी शेवटचं कधी गेल्तात?" आपल्या धंद्यात या प्रश्नाला माणूस आधी आभाळाकडे बघतो, मग बोटं मोजतो. रफिकभाई नावाच्या एकानं कपातून तोंड न काढता सांगितलं, "सकाळीच निघालो की घरून." बस्स, माझी खात्री झाली. कंपनीनं पेरलेला माणूस.

तो उठला तसा मीही उठलो आणि थोडं अंतर ठेवून त्याच्या मागे चालायला लागलो. तीन गल्ल्या वळल्यावर तो गर्रकन फिरला. "काय भाऊ, पाकीट पायजे का पत्ता?"

खरं ते सांगून टाकलं. तो आधी हसला, मग म्हणाला, "चला, बघूनच घ्या." खोलीत पाय टाकतोय तोच त्याची पोरगी त्याच्या अंगावर धावून आली. "पप्पा, माझी छत्री परत घेऊन गेल्ता ना? मी भिजत आले!" रफिकभाई ओशाळून म्हणाला, "जल्दीत हात पडला गं." ती पाय आपटत आत गेली. पाहुणा आलाय याची तिला पर्वा नव्हती, आणि मी दारातच उभा राहून तिच्याकडे बघत राहिलो. असं भांडण पेरता येत नाही. जो बाप रोज दिसतो त्याच्यावरच पोरं असं खेकसतात. मी दुसऱ्या दिवशी जाऊन सही केली.

कंपनीनं पुणं दाखवलं आणि हुबळी दिली. आबांचं वाक्य आठवून मी पुष्कळ शिव्या घातल्या, मनातल्या मनात.

हुबळीत शेजारच्या गंगव्वा रोज संध्याकाळी दारात उभ्या राहून विचारायच्या, "ऊटा आयता?" म्हणजे जेवण झालं का. रोज! आमच्या जेवणाशी यांचं काय काम, म्हणून मी सुनंदाला ताकीद दिली, डबा झाकून ठेवत जा. पुढं कळलं, इथं सगळेच सगळ्यांना तसं विचारतात. तरी मी डब्यावर एक डोळा ठेवून असतो. गाडीच्या केबिनमध्ये कॅमेरा आहे, डोळा मिटला की ओरडतो. लायसनऐवजी कंपनी ड्रायव्हरला कशानं धरते, त्याचं उत्तर बहुधा तेच. आणि कुठलीच गाडी आपली नाही. पाळी संपली की डॅशबोर्डवरचा बाबासाहेबांचा छोटा फोटो काढून खिशात ठेवायचा, पुढचा आपला देव लावतो. जुन्या गाडीचा गिअर मला झोपेतही कळायचा. ते सुख गेलं.

पण सम्यका माझ्याशी तोंड वर करून भांडते, तेही अर्धं कानडीत. मला नीट समजत नाही, म्हणून आणखी चिडते.

मागच्या उन्हाळ्यात आबा आले. खोलीवर यायला तयार नव्हते. "आधी कंपनी दाखव," म्हणाले. पिशवी घेऊन ते नाक्यावरच बसले. मी गाडी आणून उभी केली, उतरलो, मंजुनाथ नावाचा ड्रायव्हर वर चढला आणि गाडी निघाली. आबा ताडकन उठले.

"आरं, तुझी गाडी नेली त्यानं!"

"आता त्याची पाळी हाय आबा."

"आन् तू?"

"माझं झालं आजचं."

"मंग कंपनीला तुझ्यात काय गावतं?"

"झोप झालेला ड्रायवर."

त्यांना ते बिलकुल पटलं नाही. गाडी दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले. मग म्हणाले, "आता कुठं जायाचं?"

"घरी," मी म्हणालो.

शब्द तोंडातून गेला आणि मग माझा मलाच ऐकू आला. आजवर त्यांच्यासमोर घर म्हणजे हसनाबादचं, त्यांनी स्वतः माती तुडवून बांधलेलं. इथल्या भाड्याच्या जागेला मी खोली म्हणायचो. आबांनीही ऐकलं होतं. ते थोडा वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिले, त्या सकाळी टेम्पोच्या चाकाकडे बघितलं होतं तसं नाही, नव्या माणसाकडे बघावं तसं. मग वाकून त्यांनी पिशवी उचलली. मी घ्यायला गेलो तर दिली नाही.

"चल," ते म्हणाले. "दाखव तुझं घर."