आधारवहिनी आणि राणीचं लोणचं

राजस्थानात, आमेरजवळच्या आमच्या प्रताप नगरात आधारवहिनींसमोर भूतकाळ वापरायची सोय नव्हती. "पूर्वी इथे सगळी शेतं होती," एवढं कुणी म्हटलं, की वहिनी चहाचा कप खाली ठेवून विचारायच्या, "आधार काय?" नवरा विमा कंपनीत, नागपूरहून इथे बदलून आलेला. तो बिचारा घरी फक्त भविष्यकाळात बोलायचा.

ह्या वेडाचं मूळ म्हणजे पाहुणे. माहेर-सासरचं कुणी ना कुणी यायचं आणि वहिनींना पुन्हा आमेरचा किल्ला चढावा लागायचा. एकाच दालनाची गोष्ट प्रत्येक गाइड निराळी सांगतो, हे त्यांच्या लक्षात आलं. मग त्यांनी मला ओढत कॉलनीतलं सायबर कॅफे गाठलं. तेव्हा नेटवर राजस्थानचा इतिहास शोधला की हॉटेलंच निघायची. एका साइटवर तर उंट चालायचा आणि आपोआप संगीत सुरू व्हायचं. पण वहिनी चिवट. कुठल्याशा ग्रंथालयाने स्कॅन करून ठेवलेली जुनी गॅझेटियरं त्यांनी हुडकलीच. एक पान उघडेपर्यंत त्यांचे ढीगभर मटार सोलून व्हायचे. "आंटीजी, छिलके कीबोर्ड में मत डालिए," कॅफेवाला कळवळायचा.

इतिहासप्रेमींच्या एका फोरमवर कुणीतरी विचारलं, आमेरचा तो उन्हातला सज्जा कशासाठी? वहिनींनी रोमन लिपीतल्या हिंदीत ठोकून दिलं, "रानी साहिबा वहाँ अचार सुखाती होंगी." मला म्हणाल्या, "गंमत केली गं."

पुढच्या हिवाळ्यात वहिनींच्या नणंदेला घेऊन आम्ही आमेरला गेलो. गाइडने त्या सज्ज्याकडे बोट दाखवलं. "यहाँ रानी साहिबा अचार सुखाती थीं!"

"आधार क्या है?" वहिनी कडाडल्या.

"मैडम, नेट पर लिखा है."

तडक कॅफेत जाऊन पाहिलं. लिहिलं होतं खरंच, आणि एका जागी नव्हे. 'होंगी'चं 'थीं' झालं होतं, आणि एकाने तर लोणचं कैर नावाच्या इथल्या रानफळाचं होतं हेही ठरवून टाकलं होतं. वहिनींचा चेहरा उतरला. त्यांनी प्रत्येक साइटला कळवलं, ही माझी थट्टा आहे, काढून टाका. एकाचंच उत्तर आलं: "आपके पास कोई प्रमाण है?"

त्यानंतर वहिनी कुणाला काही विचारीनात. त्यांचा नवरा मला हळूच म्हणाला, "बरं नाही वाटत हो घरात."

मग वहिनींच्या नवऱ्याची पुन्हा बदली झाली. सामानाचा ट्रक यायच्या आदल्या दिवशी आम्ही दोघी शेवटचं आमेरला गेलो. सज्ज्यापाशी मराठी बायकांचा घोळका लोणच्याची गोष्ट तल्लीन होऊन ऐकत होता. वहिनींना राहवेना. "अहो, हे खोटं आहे. मीच लिहिलंय ते!"

घोळक्यातल्या एक बाई वळल्या. "माहिती नसेल तर बोलू नये माणसानं. गाइड काय खोटं सांगेल?"

वहिनींना जे हसू फुटलं ते आवरेना. डोळे पुसत पायरीवर बसल्या. त्या बाईंनी जरा लांबूनच कॅमेरा पुढे केला. "आमचा एक फोटो काढता का, त्या लोणच्याच्या जागेसकट?"

वहिनी उठल्या. "काढते की. जरा डावीकडे सरका," त्या म्हणाल्या, "राणी इकडे उभी राहायची."