कुलूपवाले साडूभाऊ

समस्त नातेवाईक, शेजारी आणि सुरतेतल्या मराठी बंधुभगिनींना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, माझे साडू जिथे हजर असतात तिथे अपघात होऊ शकत नाही. अपघाताची तशी हिंमतच होत नाही. तो दारापर्यंत येतो, आत साडूभाऊ बसलेले पाहतो आणि चपला न काढताच परत जातो. आता हे विधान मला थोडं दुरुस्त करावं लागणार आहे आणि त्या दुरुस्तीचा धक्का अजून ओसरलेला नाही. पण आधी माणूस नीट समजून घ्या.

साडूभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. हजीऱ्याच्या एका कारखान्यात तीस-बत्तीस वर्षं सुरक्षा विभागात इंजिनिअर होते. निवृत्त झाले ते फक्त कागदावर. पहिल्यांदा माझ्या घरी जेवायला आले तेव्हा मी दार उघडून हात जोडले, तर हा गृहस्थ माझ्या बाजूने सरळ स्वयंपाकघरात गेला, ओट्याखाली वाकला, गॅसची नळी हुंगली आणि तिच्यावरची तारीख वाचून म्हणाला, "तुम्ही अजून जिवंत कसे?" नमस्कार त्यानंतर झाला. लग्नसमारंभातही तेच. उधन्याच्या एका हॉलमध्ये मंगलाष्टकं सुरू होणार, अंतरपाट धरलेला, आणि साडूभाऊंनी भटजींच्या हातातला माईक घेतला. "आग लागल्यास," ते खणखणीत आवाजात म्हणाले, "वधूपक्षाने डाव्या दाराने आणि वरपक्षाने उजव्या दाराने बाहेर पडावे. आहेर उचलण्यासाठी कोणीही मागे फिरू नये." वधूच्या बापाच्या हातातून नारळ पडला. अर्ध्या लोकांना वाटलं हेच पहिलं कडवं, त्यांनी अक्षता टाकल्या. मी मात्र जागच्या जागी हबकून उभा, कारण शेजारचा माणूस मला विचारत होता, "हे तुमचे कोण?"

पण साडूभाऊंचं खरं दैवत म्हणजे कुलूप. यंत्रात हात घालायचा असेल तर आधी त्याचा स्विच खाली करायचा, स्विचच्या दांड्याला असलेल्या भोकात स्वतःच्या नावाचं लाल कुलूप अडकवायचं आणि किल्ली स्वतःच्या खिशात टाकायची. ज्याचं कुलूप, त्यानेच उघडायचं. दुसरी किल्ली नाही. कारखान्यात हे ठीक आहे. साडूभाऊंनी हा कायदा घरच्या मिक्सरला लावला. त्याच्यासाठी भिंतीवर दांड्याचा एक खास स्विच बसवून घेतला. ताई, म्हणजे त्यांची बायको, मिक्सरचं भांडं धुवायला घेण्याआधी कुलूप लावणार, धुऊन झालं की उघडणार, आणि किल्ली मंगळसूत्रात. एकदा ताई कुलूप उघडायचं विसरून नाशिकला भाचीच्या डोहाळजेवणाला गेल्या. चार दिवस साडूभाऊंनी लोचो, म्हणजे सुरतेचा तो ढोकळ्याचा मऊ भाऊ, चटणीशिवाय खाल्ला. सुरतेत राहून लोचो चटणीशिवाय! मी म्हटलं, "अहो, पक्कडीने तोडा की ते कुलूप." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी मिक्सर नाही, ताईंनाच तोडायला सांगितलंय. "त्या कुलपावर तिचं नाव आहे," ते हळूच म्हणाले.

असा माणूस आमच्या इथल्या इंजिनिअर्स क्लबला सापडला. या क्लबात बावीस सभासद, त्यातले एकोणीस निवृत्त, आणि सगळ्यांना लोकांना काहीतरी शिकवायची जबर हौस. कोणी गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवर बोलतो, कोणी पंख्याच्या कपॅसिटरवर. लोकशिक्षण समितीचे प्रमुख अर्थातच साडूभाऊ. मी मराठी शाळेत चित्रकला शिकवतो, म्हणून तक्ते रंगवायचं काम माझ्याकडे. कतारगामला एका मंदिरामागच्या खोलीत दर रविवारी सकाळी वर्ग भरतो. शिरपूर, अमळनेर, साक्रीकडची माणसं, लूमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या शेडमध्ये काम करणारी. साडूभाऊंनी प्रत्येकाला एकेक लाल कुलूप दिलं आणि त्यांवर पांढऱ्या रंगात नावं मी लिहिली. माझ्या कलेचं सार्थक शेवटी कुलपांवर झालं.

त्या वर्गात रंजनाबाई नावाची बॉबिन भरणारी बाई पहिल्या दिवसापासून पहिल्या रांगेत बसायची. तिचा नवरा भास्कर त्याच खात्यात मागाखाली सरपटत जाऊन सुताचा भुगा काढतो. तो आत असताना दोनदा कोणीतरी माग चालू केला होता. एकदा शर्टाची बाही गेली, दुसऱ्यांदा नख. "सर," ती साडूभाऊंना म्हणाली, "तिसऱ्या वेळेला काय जाईल ते मला बघायचं नाही. आमच्या शेठला सांगा ना, स्विचला कुलूप लावू द्या म्हणावं."

साडूभाऊ दुसऱ्याच दिवशी शेठकडे गेले. शेठ भला माणूस, पण घाईचा. "साहेब, माग बंद करो, ताळुं मारो, चावी शोधो... एमां आखो दिवस जाय," तो म्हणाला. मग जरा विचार करून म्हणाला, "रविवारी या. एक वेळा करून दाखवा. पटलं तर सगळ्या मागांना लावू. नाही पटलं तर वात पुरी, ही गोष्ट पाछी काढायची नाही." रंजनाबाईने हे ऐकलं आणि त्या आठवड्यात ती म्हणे धड जेवली नाही.

रविवार आला. शेडमध्ये आम्ही सगळे उभे. शेठ, भास्कर, रंजनाबाई, तक्ता धरून मी. साडूभाऊ चाळीस मिनिटं बोलले. शेठने आधी घड्याळ पाहिलं, मग मोबाईल, मग छत. भास्करच्या चेहऱ्यावरची आशा पार सुकली. साडूभाऊंनाही ते दिसलं असावं. "बोलणं पुरे, करूनच दाखवतो!" म्हणत त्यांनी चार नंबरच्या मागाचा स्विच खाली ओढला, चष्मा सावरला, आणि वयाच्या मानाने आश्चर्यकारक चपळाईने ते मागाखाली शिरले. बाहेर फक्त पांढरे मोजे दिसत होते. भाषण आतून चालूच. "आता बघा, मी इथे अगदी निर्धास्त आहे. का निर्धास्त आहे?"

तेवढ्यात खात्याचा मास्तर, म्हणजे देखरेख करणारा, चहा पिऊन पलीकडच्या दाराने आत आला. त्याला भाषण माहीत नाही, मोजे दिसत नाहीत. त्याला दिसला तो थांबलेला माग आणि वैतागलेला शेठ. तो थेट स्विचकडे गेला आणि त्याने दांड्याला हात घातला.

मी पाहत होतो. शपथेवर सांगतो, मला ओरडायचं होतं. पण मी नुसता तक्ता धरून उभा राहिलो. दांड्याच्या त्या भोकात काहीही नव्हतं. साडूभाऊंचं कुलूप तिकडे चहाच्या टेबलावर, बशीशेजारी, शांतपणे पडलेलं होतं.

"हात नका लावू! सर मझार शेतस!" रंजनाबाई अहिराणीत किंचाळली. सर आत आहेत! तिने मास्तरचा हात असा झटकला की तो दोन पावलं मागे गेला. पिशवीतून भास्करच्या नावाचं कुलूप काढलं, दांड्यात अडकवलं आणि दाबलं. टक्. मग स्विचला पाठ लावून, दोन्ही हात पसरून ती उभी राहिली.  मागाखालून भाषण अजून चालूच होतं, "कारण सुरक्षा ही सवय आहे, मित्रांनो!"

साडूभाऊ बाहेर आले तेव्हा डोक्यावर सुताचा भुगा, जणू आत्ताच म्हातारे झालेत. रंजनाबाईने अजून किल्ली हातात घट्ट धरलेली होती.

"सर," तिने विचारलं, "तुमनं कुलूप कोठे शे?"

त्यांनी उजवा खिसा चाचपला, डावा चाचपला, शर्टाचा चाचपला. मग टेबलाकडे पाहिलं. तिथून मास्तरकडे, आणि मास्तरच्या हाताकडे. आयुष्यात पहिल्यांदा मी साडूभाऊंना खुर्ची कुठे आहे हे न बघता, थेट जमिनीवर बसताना पाहिलं.

पुढच्या आठवड्यात त्या खात्यातल्या प्रत्येक स्विचला कुलूप लागलं. वर्गाचा पहिला अर्धा तास आता रंजनाबाई घेते, आणि साडूभाऊ शेवटच्या रांगेत मांडीवर वही घेऊन बसतात. मधेच ती चुकली तर पूर्वी त्यांनी वर्ग डोक्यावर घेतला असता. आता नुसतं लिहून ठेवतात, आणि वर्ग संपल्यावर तिला हलकेच सांगतात. मला हा नवा, सौम्य माणूस आवडतो. पण खरं सांगू, त्याच्या शेजारी बसलं की भटजींचा माईक घेणारा तो जुना माणूस आठवतो.

लोक विचारतात, त्या शेठला शेवटी पटलं कशाने? चाळीस मिनिटांच्या भाषणाने नाही, माझ्या तक्त्याने तर मुळीच नाही. शेठला पटलं ते साडूभाऊ जमिनीवर बसल्या बसल्या, भुगा न झटकता, सगळ्या खात्यासमोर जे बोलून गेले त्याने:

"अहो, मला वाटलं, मी आहे म्हणजे कुलूप लावलेलंच असणार!"