खोकल्यावर घरी येणाऱ्या कोंबड्या

मुक्या जिवाला सांजच्याला घरी यायला कसं शिकवावं, हे आमच्या मामाजींइतकं कळणारा माणूस अख्ख्या गोरेगाव तालुक्यात दुसरा नाही, आणि स्वतः घरी यायला त्यांच्याइतका उशीर लावणाराही दुसरा नाही. मामाजी म्हणजे माझे सासरे. आमच्या विदर्भात सासऱ्यांना मामाजी आणि सासूबाईंना आत्याबाई म्हणायची रीत आहे. माझं माहेर नागपूरचं, तिथे कोंबडीशी माझा संबंध अंड्यांच्या ट्रेपलीकडे कधी गेला नव्हता. लग्न होऊन या गावी आले, जवळच्या शाळेत विज्ञान शिकवू लागले, आणि महिन्याभरात माझ्या लक्षात आलं की खरी प्रयोगशाळा आमच्या घराच्या मागच्या पडवीत आहे. शाळेतल्या परीक्षानळ्या कपाटात कुलूप लावून ठेवलेल्या, आणि पडवीत मात्र रोज काही ना काही चाललेलं.

गावातल्या बायकांच्या गटाला महिनाभराची पिल्लं खोक्यांतून मिळतात. ती यंत्रात उबवलेली असतात. "याईनं माय नाई पाह्यली," मामाजी मला पहिल्यांदा समजावून सांगत होते, "मंग घर कायले म्हनते हे याईले कोन सांगन?" कोणी सांगत नाही, म्हणून ती सकाळी सोडली की सांजेला चिंचेवर बसतात, तणसाच्या, म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या, ढिगावर बसतात, एकदा तर ग्रामसेवकाच्या मोटारसायकलच्या सीटवर रांगेनं बसली होती. मग उजाडेपर्यंत त्यातली दोनचार मुंगूस घेऊन जातं. त्यामुळे खोकं आलं की बायका ते उचलून थेट मामाजींकडे शिकवणीला आणून सोडतात. शिकवणीचे नियम कडक. सात दिवस खुराड्याबाहेर पाऊल टाकायचं नाही, दाणा आत, पाणी आत. आठव्या दिवशी दार उघडायचं, तेही सूर्य बुडायच्या तासभर आधी. सकाळी का नाही, असं मी विचारलं. "सकाळी सोडलं तं चुकाले अख्खा दिवस भेटते," ते म्हणाले. "तासाभरात कोनी चुकून चुकून किती चुकन?" काठी घ्यायची नाही, हुसकायचं नाही. एक बाई पदर झटकत पिल्लांमागे धावली तेव्हा मामाजींनी तिला भर अंगणात थांबवलं. "हाकललं तं कोंबडी आत जाते, बाई. घरी नाई येत."

ते सात दिवस मामाजी स्वतः खुराड्यासमोर एका हाताच्या मोडक्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून असतात. पिल्लाला आपल्या घराच्या माणसाचा आवाज ओळखता आला पाहिजे, असं त्यांचं मत. पण पिल्लांशी सात दिवस बोलणार तरी काय? म्हणून ते त्यांना वर्तमानपत्र मोठ्यानं वाचून दाखवतात. ताजं नाही, सामान बांधून आलेलं. निविदा सूचना त्यांना फार आवडतात, कारण त्या लांब असतात आणि त्यात कोणाचं बरंवाईट होत नाही. एकदा वाचता वाचता ते अडखळले, पान उलटलं आणि पुढचं वाचू लागले. मी विचारलं, काय झालं? "अपघाताची बातमी होती," ते हळूच म्हणाले, "लहान आहेत."

वाचन संपलं की कनकीच्या, म्हणजे तांदळाच्या कण्यांच्या, वाटीवर तीन ठोके, आणि मग दाणे. पिल्लं तो आवाज शिकतात आणि जन्मभर त्यावर परत येतात. चूक झाली ती मागच्या हिवाळ्यात, आणि तीही घरच्याच तेरा पिल्लांच्या बाबतीत. त्या आठवड्यात मामाजींना जबरदस्त सर्दी होती. वाटी उचलायच्या आधी ते दर वेळी खोकत. पिल्लांनी ठोके सोडून दिले आणि खोकला धरला. तेव्हापासून मामाजी खोकले की तेरा कोंबड्या असतील तिथून पळत येऊन खुराड्यात शिरतात. भर दुपारी चहाचा ठसका लागला तरी शिरतात, आणि उन्हं बघून चक्रावून बाहेर येतात. एकदा ग्रामसभेत मामाजी बोलायला उभे राहिले, घसा साफ केला, आणि मागे उकरत असलेल्या कोंबड्या एका रांगेत उठून निघून गेल्या. ठरावाला तेरा जणींचा विरोध आहे, अशी नोंद घ्या म्हणून लोकांनी ग्रामसेवकाच्या मागे लकडा लावला. त्यानंतर मामाजी दिवसा खोकला गिळू लागले. चेहरा लालबुंद, डोळ्यांत पाणी, पण खोकणार नाहीत, का तर बिचाऱ्यांची दुपार मोडते.

मला अर्थातच गप्प बसवेना. मी अंगणात उभी राहून कोरडं खोकून पाहिलं, ओलं खोकून पाहिलं, मामाजींसारखं दोनदा थांबून खोकून पाहिलं. एका तलंगेनं, कोवळ्या कोंबडीनं, मान वर केली, बाकीच्या खात राहिल्या. "आवाजानं नाई होत, बाई," मामाजी खुर्चीवरून म्हणाले, "मानूस लागते." हे सिद्ध झालेलं नाही, असं मी तेव्हा मनात म्हटलं.

त्या उन्हाळ्यात आमच्या जुन्या मातीच्या घराची मागची भिंत बाहेर कलली. रस्त्यापलीकडे आमच्याच वाडीत दोन खोल्यांचं स्लॅबचं घर तयार होतं. पावसाच्या आत सगळ्यांनी तिकडे जायचं ठरलं. आत्याबाई पहिल्याच दिवशी आपली परात आणि डाव घेऊन गेल्या, पाठोपाठ आम्ही. मामाजी मात्र हलेनात. त्यांची बाज पडवीत, बरोबर त्या भिंतीखाली. "कोंबड्या नवी जागा शिकत नाई, तोवर मी नाई येत," त्यांनी जाहीर केलं. माझा नवरा रोज सकाळी जाऊन भिंतीची भेग पाहून यायचा. आधी तिच्यात बोट जायचं, मग पंजा जाऊ लागला. घरी येऊन तो कमीच जेवायचा. आभाळ भरून आलं की आम्ही दोघं त्या पडवीकडे बघत बसायचो.

खुराडं नव्या अंगणात हलवलं, कोंबड्या सात दिवस कोंडल्या. मामाजी दिवसा येऊन निविदा वाचायचे आणि सांजेला पडवीत परत जायचे. आठव्या दिवशी दार उघडलं. मी वह्या तपासायच्या सोडून बघत उभी राहिले. कोंबड्यांनी थोडा वेळ नवं अंगण उकरलं. मग उन्हं उतरली तशा त्या एकेक करून रस्ता ओलांडून गेल्या आणि पडवीत जिथे खुराडं होतं त्या मोकळ्या चौकोनात दाटीवाटीनं बसल्या. "पाह्यलं?" मामाजी बाजेवरून म्हणाले. "इमानदार जीव आहे." शिकवणी फसलेल्या मास्तरचा चेहरा असा नसतो, तो मी रोज शाळेत बघते. पुन्हा सात दिवस कोंडल्या. गावभराची पिल्लं शिकतात आणि आमचीच कशी शिकत नाहीत, हे मला काही केल्या पटेना. म्हणून त्या दुसऱ्या आठव्या दिवशी मी रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिले, आणि सूर्य टेकता टेकता पडवीतून खोकला ऐकू आला. नीट, दोनदा थांबून, आणि तेराही जणी तिकडे पळाल्या. मी जाऊन विचारलं. "मातीची धूळ उडून राहिली ना," मामाजी म्हणाले. तो खोकला आलेला होता की आणलेला, हे मला अजूनही सांगता येणार नाही.

आत्याबाई तांदूळ निवडत होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी मान वर न करता एवढंच विचारलं, "तुह्या मामाजीचा डबा कोन नेऊन देऊन राहिलं?"

"मी."

"सांजच्याला?"

"हो."

"मंग तं तूच बिघडवून राहिली, बाई. पडवीत दाना भेटते तं ते इकडं कायले येतीन?"

दुसऱ्या दिवशी सांजेला डबा गेला नाही. उन्हं उतरली तशा आत्याबाई नव्या घराच्या दारात आल्या, एका हातात परात, दुसऱ्या हातात डाव. त्यांच्या वयाच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. जेवायला बोलवायचं तर हाक तरी कशी मारणार? म्हणून लग्न झाल्यापासून त्या परातीवर डाव आपटतात. मी ते रोज ऐकत होते आणि डावाला चिकटलेला भात झाडतात असं समजत होते. त्यांनी तीन ठोके मारले. मामाजींच्या वाटीवरचे तीन ठोके कुठून आले, ते मला तेव्हा कळलं.

पडवीतल्या कोंबड्या हलल्या नाहीत. मामाजी उठले. परत बसले. आत्याबाईंनी पुन्हा तीन ठोके मारले. मामाजी उठले, चपला घातल्या, रस्ता ओलांडून आमच्या अंगणात आले आणि खोकले. मग पडवीतून तेरा कोंबड्या उठून त्यांच्या मागोमाग आल्या आणि नव्या खुराड्यात शिरल्या. मामाजींनी दार लावलं, हात धुतले, पाटावर बसले. "तसं मले कोनी बोलावलं नाई," ते ताटाकडे बघून म्हणाले, "कोंबड्याईची सोय पाहाले आलो." आत्याबाईंनी आणखी एक डाव भात वाढला. बाज दुसऱ्या दिवशी आली. नवऱ्यानं पहार लावली तर भिंत एका धक्क्यात गेली.

नंतर मी आत्याबाईंना विचारलं, मामाजींना शिकवायला किती दिवस लागले? त्या म्हणाल्या, "अजून शिकवूनच राहिली."

मामाजी अजूनही सांजेला रस्त्याच्या कडेला जाऊन जुन्या जागेकडे तोंड करून उभे राहतात. तिथे आता नुसती सपाट माती आहे. ठोके ऐकू आले की येतात. या हिवाळ्यात आत्याबाईंचं मनगट सुजलं. तुम्ही बसा, मी वाजवते, असं म्हणून मी दारात गेले. तीच परात, तोच डाव, तितकेच तीन ठोके. मामाजींनी वळून पाहिलं आणि तिथेच उभे राहिले.

"ती कुठी आहे?" त्यांनी तिथूनच विचारलं.

आत आहेत, हात दुखतो आहे त्यांचा, असं मी सांगितलं. तरी ते हलले नाहीत. शेवटी आत्याबाई भिंतीला धरून उठल्या, डाव डाव्या हातात घेतला आणि तीनदा टेकवला. मी शेजारी उभी होते, मलाही जेमतेम ऐकू आलं. मामाजी लगेच निघाले.

मला माझा खोकल्याचा प्रयोग आठवला. माणूस लागतो, हे त्या सांजेला सिद्ध झालं होतं, आणि आत्याबाईंचं सुजलेलं मनगट बघून ते झालं नसतं तर बरं असं मला वाटलं. जेवणं झाल्यावर मी परात घासली, पुसली, आणि आत्याबाईंच्या डाव्या हाताला येईल अशी ठेवून दिली.