भुशाची वाडी

बोईसरला सुताराच्या दुकानात ओल्या भुशाचा वास आला आणि कोळगावच्या घराची पडवी डोळ्यांपुढे उभी राहिली. माझा थोरला भाऊ, वसंतदादा, तिथे खेळण्यातल्या आगगाडीसाठी देखावा रचायचा. जाळीवर कागदाचा लगदा थापून डोंगर करायचा, हिरवा रंगवलेला भुसा चिकटवून गवत आणि वाळक्या तुळशीच्या काड्यांची झाडं.

त्या संध्याकाळी त्याने रुळांजवळ आमचीच चिकूची वाडी केली होती, अगदी विहिरीसकट. खरी वाडी वर्षापूर्वीच नव्या रेल्वेमार्गात गेली होती. बाबांनी ते पाहिलं, कोयता आणला आणि पहिला घाव डोंगरावर, दुसरा वाडीतल्या झाडांवर घातला. दादाने हात धरताच त्यांनी त्याच्या तोंडावर कोपर हाणलं. दादाचा ओठ फाटला. त्याने बाबांना भिंतीवर आपटून त्यांचा गळा आवळला.

"सोड, मरतील ते," आई त्याचा हात ओढत म्हणाली. दादाने गळा सोडला.

"माजी वाडी गेली, नि तू तिच्यावरनं गाडी फिरवतोस?" बाबा घोगऱ्या आवाजात म्हणाले.

"वाडीवरनं नाय. रूळ बाहेरनं वळवलेत," दादा म्हणाला. त्याच्या हनुवटीवरून रक्त गळत होतं. "बघा तरी."

बाबांनी पाहिलं. रूळ खरंच कुंपणाबाहेरून गेले होते. झाडं मात्र कोयत्याखाली मोडली होती.

तेव्हा मला वाटलं, हे दोघं एकमेकांचे वैरी आहेत. आज वाटतं, त्या घरात वाडीसाठी इतका जीव तुटत होता तो त्या दोघांचाच. दादाने पुन्हा डोंगर रचला नाही. गळ्यावरचे वळ जाईपर्यंत बाबा उपरणं गुंडाळून फिरले आणि विचारणाऱ्याला घसा धरलाय म्हणून सांगत राहिले.